न सुटलेली शाळा

एगैला, कुवेत
२४ ऑक्टोबर २०२५

सुमनआत्या,

तुझा दादा सुखरूप पोचला. विमानतळावर त्यांच्यासाठी चाकांची खुर्ची मागवली होती, तर बाबांनी तिच्यात आपली बॅग बसवली आणि शेजारून चालत आले. तीन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा आहे. आल्या दिवशीच त्यांनी जाहीर केलं की आर्या सात वर्षांची झाली तरी तिला धड मराठी येत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. खरं आहे म्हणा. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि नीलेश प्लांटवरून येतो तेव्हा त्याला कुठल्याच भाषेत बोलायचं नसतं.

म्हणून आता रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये शाळा भरते. पांढरा फळा आणलाय, सतरंजी घातली आहे, आणि देवघरातली घंटा बाबांनी सरळ शाळेला लावली. घंटा झाली की आर्या आयपॅड टाकून धावत येते आणि ताठ बसते. मी इतकी वर्षं घसा फोडून जे जमलं नाही ते त्यांनी चार दिवसांत केलं.

हजेरीसुद्धा होते. आधी आर्याचं नाव, मग नोमसा, थांडी, ग्रेस अशी कुठली कुठली नावं. विचारलं तर म्हणाले, झांबियातला माझा जुना वर्ग आहे, आठवणीसाठी घेतो. तू तेव्हा आईबाबांकडेच राहत होतीस ना? ते लुसाकाच्या शाळेत होते आणि दर शनिवारी रानातल्या एका तळावर गणित शिकवायला जायचे, एवढं मला माहीत आहे. ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारशी लढणाऱ्या बंडखोरांचा तळ, त्यात पळून आलेल्या मुलींची शाळा, मग सरहद्दीपलीकडून विमानं आली आणि सगळं संपलं. बाबा याच्यापुढे बोलत नाहीत आणि आई तर विषयच बदलायची. तुला काही आठवत असेल तर लिही. आर्याला गोष्ट म्हणून सांगता येईल.

तुझी मुक्ता

*

नाशिक
२९ ऑक्टोबर

मुक्ते,

तुला एक आशीर्वाद, आर्याला दोन, नीलेशरावांना उरलेले. तुझं पत्र खालच्या मजल्यावरच्या जयदीपने मोठ्या अक्षरांत छापून दिलं. हेही तोच फोटो काढून पाठवेल. फोन करू नकोस. डावा कान तरुणपणीच गेला, आणि उजवा सरकारी नोकरासारखा, मनात आलं तर काम करतो.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते दादाला बघूनच म्हणत असावेत. निवृत्त होऊन जमाना लोटला, पण माणूस दिसला की याला त्याला रांगेत उभं करायचं असतं. लग्नात जेवणाच्या पंगतीसुद्धा सरळ करायचा. तुझी आई म्हणायची, यांच्या चितेची लाकडंही ओळीत लावावी लागतील, नाहीतर उठून बसतील.

झांबियाचं काय सांगू? मका, माणसाहून उंच वारुळं आणि तुझ्या आईने केलेले कोबीचे प्रकार. बॉम्ब पडले हे खरं. त्या वेळी दादाला हिवताप होता म्हणून तो वाचला. पुढच्या वर्षी आम्ही परत आलो. याच्यात लहान मुलीला सांगण्यासारखी गोष्ट नाही. तिला बिरबल सांग.

एक मात्र कळव. संध्याकाळी घंटा देतं कोण, दादा की आर्या?

सुमनआत्या

*

एगैला
४ नोव्हेंबर

आत्या,

घंटा बाबाच देतात. पण तू हे का विचारलंस ते मला आता विचारायचं आहे.

काल सकाळी दहाला सगळ्या कुवेतभर सायरन वाजले. घाबरू नकोस, सरकारी चाचणी होती. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वाजणार आहेत. आम्ही ऑफिसात कानांवर हात ठेवून हसत होतो, तेवढ्यात आर्याच्या शाळेतून फोन आला. सायरन सुरू झाल्याबरोबर ती बाकावरून उठली आणि वर्गाबाहेर गेली. बाईंनी हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. मैदान ओलांडून, फाटकातून ती थेट मोठ्या रस्त्यावर चालली होती. तिथे गाड्या कशा धावतात ते तुला सांगून कळणार नाही. वॉचमनने पळत जाऊन तिला धरलं. तो मला म्हणाला, पळत नव्हती मॅडम, सावधानमध्ये चालत होती.

घरी आणून विचारलं तर म्हणाली, "बेल रँग, मम्मा." शाळेत दिवसभर घंटा होतात, त्यांना ती कधी उठून रस्त्यावर जात नाही. नीलेश म्हणतो मुलं काहीही करतात, उगाच बाऊ करू नकोस.

पण आणखीही आहे. गेले काही दिवस ती सतरंजीवर पुढे बसत नाही, अगदी भिंतीला टेकून बसते. मी म्हटलं पुढे सरक, फळा दिसत नसेल. तर म्हणते, "फ्रंट रो इज फुल." मी हसले. काल संध्याकाळी खालच्या फ्लॅटमधली हुस्ना वर आली. हैदराबादची आहे, स्वभावाने गोड. तक्रार करायला नव्हती आली. तिला आपल्या दोन मुलांना बाबांच्या ट्यूशनला घालायचं होतं. म्हणाली, इतने सारे बच्चे आते हैं, रोज शाम को पैरों की आवाज़ आती है, तो मेरे दो और सही.

आत्या, आमच्या घरात एकच मूल आहे.

मुक्ता

*

नाशिक
६ नोव्हेंबर

मुक्ते,

घंटा आजच्या आज घरातून काढ. देवाला घंटेवाचून चालतं. दादाला सांग, शेजारच्यांना आवाजाचा त्रास होतो. दुसरं काही सांगू नकोस.

रस्त्यात आर्याला धरशील तेव्हा मनगट धर, बोटं धरू नकोस. बोटं निसटतात.

कारण विचारू नकोस. वयाने मोठं माणूस काही सांगतं तेव्हा कधी कधी नुसतं ऐकावं.

सुमनआत्या

*

एगैला
१५ नोव्हेंबर

आत्या,

तुझं ऐकलं. घंटा नीलेशच्या गाडीच्या डिकीत टाकली. बाबा कुरकुरले, पण शाळा घंटेशिवाय सुरू ठेवली. उपयोग झाला नाही. संध्याकाळी वेळ झाली की आर्या आपणहून ताठ होते, जशी कुठून तरी तिला ऐकू आली असावी. मग पाऊल न वाजवता भिंतीशी जाऊन बसते. शाळा संपली की उठत नाही. बाबा म्हणतात, ऊठ बाळ, झालं. ती म्हणते, अजून वाजली नाही.

परवा तिला आंघोळ घालत होते. केसांवर पाणी ओतलं तेव्हा तिने तोंड घट्ट मिटलं. मी म्हटलं, शाम्पू तोंडात जात नाही, उघड. तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुमनआजीने पदर तोंडात कोंबला होता. हळदीचा वास येत होता. मी ओरडणार नव्हते, तरी कोंबला."

आत्या, माझ्या मुलीला पदर हा शब्द माहीत नाही. मी साडी वर्षातून एकदा नेसते. एवढं लांब मराठी ती आजवर कधी बोललेली नाही. तुला तिने तान्ही असताना पाहिलंय, तुझा चेहरासुद्धा तिला आठवत नसेल.

मी बाबांना आडून विचारलं, तुम्ही आर्याला सुमनआत्याबद्दल काही सांगितलंत का. ते म्हणाले, नाही, का? त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना खरंच काही माहीत नाही. म्हणजे हे तुझं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची वगैरे मला ऐकवू नकोस. एक डिसेंबरला सोमवार आहे, सायरन परत वाजणार आहेत. माझी मुलगी परत उठून चालायला लागेल, आणि तिला कुठे जायचंय ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे. लिही.

मुक्ता

*

नाशिक
२० नोव्हेंबर

मुक्ता,

हे पत्र जयदीपला दिलेलं नाही. मोबाईलवर एका बोटाने फोटो काढायला शिकले आणि स्वतः पाठवते आहे.

त्या शनिवारी दादा तापाने फणफणला होता. पोरींचा पाढ्यांचा दिवस चुकू नये म्हणून त्याने मला पाठवलं. तुझ्या आईचा स्वयंपाक अर्धा टाकून मी तशीच निघाले, म्हणून पदराला हळद होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं ते आहे तरी काय?

तळावर एका अंगाला बंदूकवाली पोरं राहायची आणि दुसऱ्या अंगाला शाळा. झाडाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तो दादानेच मिळवून टांगला होता, आणि लोखंडी बोल्टने त्यावर ठोके द्यायचा. त्याचा नियम तुला ठाऊकच आहे, तुझ्यावरही चालवलाय त्याने. घंटा झाली की असाल तिथून उठायचं, रांगेत यायचं, मागे बघायचं नाही. त्या मुली घरदार सोडून, सरहद्द ओलांडून आलेल्या. कोणाची आई राहिली होती, कोणाचा बाप. त्यांना धरायला तो नियमच काय तो होता. जीव टाकायच्या त्याच्यावर.

विमानं आली तेव्हा आम्ही सगळ्या रानात पांगलो. माझा कान तेव्हाच गेला. मी नोमसाला घेऊन एका फुटक्या वारुळात शिरले. आर्याएवढी होती. ती ओरडेल म्हणून तिच्या तोंडात पदर कोंबला. ओरडणार नव्हती ती, मलाच भीती वाटत होती. मग हेलिकॉप्टरमधून शिपाई उतरले. त्यांचं ओरडणं, गोळ्या, आणि मग सगळं शांत झालं. मुली अजून रानात होत्या, मुक्ता. गवतात, खड्ड्यांत, जिवंत.

आणि मग घंटा वाजली.

कोणी वाजवली, का वाजवली, मला माहीत नाही. घंटेचा नियम शिपायांना कोणी सांगितला असेल. कदाचित एखाद्या शिपायाने जाता जाता गंमत म्हणून रुळावर ठोके दिले असतील. पण लय दादाचीच होती. आणि गवतातून मुली उठायला लागल्या. एकेक करून, हात सरळ ठेवून. मी एका कानाने ऐकत होते आणि वारुळाच्या फटीतून बघत होते. नोमसाने तोंडातला पदर काढला, मला म्हणाली, सर रागावतील. मी तिची बोटं धरली होती. घामाने ओली होती ती.

पुढचं मी लिहीत नाही.

दादाला एवढंच माहीत आहे की बॉम्ब पडले आणि त्यात मुली गेल्या. घंटेचं त्याला मी कधी सांगितलं नाही आणि तूही सांगणार नाहीस. शिस्तीने मुलांचं भलं होतं एवढ्या एका गोष्टीवर तो माणूस आयुष्यभर उभा आहे. ते काढून घेतलंस तर तो पडेल. शपथ आहे तुला माझी.

आर्याला हे कसं कळलं ते मला विचारू नकोस. एक तारखेला आर्याला काय हवं असेल ते दे, कडी लाव, कुलूप लाव, पण बाहेर जाऊ देऊ नकोस.

सुमनआत्या

*

एगैला
२ डिसेंबर

आत्या,

तुझी शपथ मोडली. आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मनात राहायला नको.

काल रजा घेतली, आर्याला शाळेत पाठवलं नाही. नीलेश ड्यूटीवर होता. दाराला कुलूप लावून किल्ली मी खिशात ठेवली. पण सकाळपासून आर्याचं लक्ष दाराकडे होतं. खेळत नव्हती, काही मागत नव्हती. मी किल्ली लपवून काय मिळवणार होते? या महिन्यात कुलूप, पुढच्या महिन्यात कुलूप, आणि मध्ये कधी तरी कुठली तरी घंटा वाजेल तेव्हा मी ऑफिसात असेन. मला माझी मुलगी हवी होती, आत्या. बाबा पडले तर त्यांना उचलता येईल असं मी मनाला समजावलं आणि चहानंतर त्यांच्यापुढे तुझं पत्र ठेवलं.

त्यांनी सावकाश वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. एकच विचारलं, रूळ कोणी वाजवला ते सुमनला खरंच माहीत नाही का? मी म्हटलं, नाही. मग ते खिडकीकडे तोंड करून बसले. रडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दहाला सायरन सुरू झाले. आर्या उठली, हात सरळ केले, चालायला लागली. मी मनगट धरलं. सात वर्षांच्या मुलीच्या अंगात तेवढी ताकद नसते. मला ओढत तिने दारापर्यंत नेलं. तिचा हात घामाने भिजला होता आणि माझ्या मुठीतून सरकत होता. आणि ती एकटी नव्हती. मला काही दिसलं नाही, पण माझ्या कमरेच्या उंचीवर, दोन्ही बाजूंनी, मला घासून काहीतरी दाराकडे सरकत होतं. थांबायचं नाव नाही. मी बाबांना हाक मारली. मी काय म्हणाले आठवत नाही, बहुतेक नुसती हाक मारली.

बाबा उठले. फळ्यासमोर जाऊन उभे राहिले. तो आवाज मी लहानपणी ऐकला होता, त्यानंतर कधीच नाही. आधी ते इंग्रजीत बोलले, तिथल्या वर्गात बोलत असतील तसे. मग मराठीत म्हणाले, "खाली बसा. ही घंटा माझी नाही. मी सांगेपर्यंत कोणीही उठायचं नाही."

आर्या होती तिथे, दारातच, मांडी घालून बसली. आणि तिच्या पाठोपाठ सगळ्या खोलीभर कोणी तरी बसत गेलं. सतरंजीवर कपडे घासल्याचा आवाज होतो ना, तसा. दारापासून भिंतीपर्यंत. मग सायरन थांबला.

आर्याने माझ्याकडे बघून विचारलं, "मम्मा, व्हाय आर वी ऑन द फ्लोअर?" तिला भूक लागली होती. मी तिला धिरडं करून दिलं. एकही गोल झालं नाही.

बाबा जेवायला आले नाहीत. फळ्यासमोर उभेच होते. संध्याकाळी हुस्ना वर आली, म्हणाली, आज आपके यहाँ एकदम सन्नाटा है, सब ठीक है ना?

मुक्ता

*

एगैला
१२ डिसेंबर

सुमन,

तू मला सांगितलं नाहीस, ते चांगलं केलंस असं मी म्हणणार नाही. मला कळायला हवं होतं. तू एकटीने एवढी वर्षं ते वागवलंस याचं मात्र मला फार वाईट वाटतं. लहान होतीस तू. मी पाठवलं म्हणून गेलीस.

आर्या ठीक आहे. तिला आता काही ऐकू येत नाही. संध्याकाळी शाळेत बसत नाही, आयपॅड घेऊन आतल्या खोलीत जाते, आणि मी तिला बोलावत नाही. तिचं मराठी कच्चंच राहील. राहू दे.

मी मात्र रोज शाळा घेतो. मला काही दिसत नाही. पण पाढे म्हणायला लागलो की खोली ऐकते. शिकवणाऱ्याला ते पाठमोरं असतानाही कळतं, समोर रिकामी भिंत आहे की वर्ग. मार्कर खाली ठेवला की खोलीत चुळबुळ सुरू होते. शाळा सुटली असं त्यांना वाटायला लागतं.

अडचण अशी आहे की शाळा सुटायची तर घंटा द्यावी लागते. मीच तसं शिकवलंय. आणि घंटा झाली की त्या उठतील, रांगेत लागतील आणि बाहेर जातील. त्यांना अजून वाटतं बाहेर मी उभा आहे. म्हणून मी शाळा सोडत नाही. पाढे झाले की गोष्ट सांगतो, गोष्ट झाली की परत पाढे घेतो. मुक्ताला वाटतं मला भ्रम झालाय. तिला तसं वाटू दे, त्यात तिची झोप तरी होईल.

माझा व्हिसा जानेवारीच्या मध्यात संपतो. वाढवला तरी मी किती दिवस बोलू शकेन? आवाज बसत चाललाय. मी गप्प झालो तर या घरात त्यांना ओळखीचा आवाज एकच आहे, आर्याचा. तिला या फळ्यासमोर उभी करायची नाही. त्या तुला ओळखतात. त्या शनिवारी माझ्या जागी तू शिकवलं होतंस.

तू ये.

तुझा दादा,
सुरेश

*

नाशिक
१४ डिसेंबर

दादा,

येते. पासपोर्टची मुदत संपली होती, नव्यासाठी तातडीने अर्ज टाकला आहे. व्हिसाचं मुक्ताला कळवलं.

नोमसा कुठे बसते ते मला माहीत नाही, पण तिला सांग, सर रागावले नाहीत.

गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या कर. मी येईपर्यंत बोलत राहा.

सुमन